एलओसीवर 'शांतता' अशी बातमी आली की ती कशी वाचायची

२०२५ च्या १० मे ला संध्याकाळी सहाला परराष्ट्र सचिव टीव्हीवर आले, दोन मिनिटं बोलले असतील नसतील, की पाकिस्तानच्या डीजीएमओने, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, दुपारी ३.३५ ला आपल्या डीजीएमओला फोन केला, पाच वाजल्यापासून जमीन, हवा, समुद्र सगळीकडची कारवाई थांबवायचं ठरलंय, आणि १२ तारखेला दुपारी बाराला परत बोलणं होईल. मी लगेच फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळी, "संपलं एकदाचं". रात्री श्रीनगरमधून स्फोटांचे आवाज, आकाशात ड्रोन, आणि माझ्या आतेभावाने माझाच मेसेज कोट करून खाली फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं. तेव्हापासून असली बातमी वाचायची माझी एक पद्धत बसलीय, ती इथे लिहून ठेवतेय. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही, फक्त वडील तलाठी होते त्यामुळे लहानपणापासून घरात बांधाचे वाद ऐकलेत, आणि खरं सांगू का, काश्मीरचा वाद समजायला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा टीव्हीवरच्या चर्चांचा नाही झाला. मालकी वेगळी, ताबा वेगळा, वहिवाट वेगळी, एवढं डोक्यात पक्कं असलं की अर्धं काम झालं.

सगळ्यात आधी बघायचं की बातमी नेमकी कुठल्या रेषेची आहे. बातमीत सरसकट 'सीमेवर' असं लिहितात आणि तिथेच घोळ होतो, कारण जम्मू-काश्मीरच्या बाजूला पाकिस्तानबरोबर एक सीमा नाहीचे, तीन वेगवेगळ्या प्रकारच्या रेषा आहेत. कठुआ, सांबा, जम्मूच्या बाजूला साधारण २०० किलोमीटर आंतरराष्ट्रीय सीमा, जिला पाकिस्तान आंतरराष्ट्रीय म्हणतच नाही, 'वर्किंग बाउंड्री' म्हणतो. तिथून पुढे पूंछ, उरी, केरन, कारगिल करत साधारण ७४० किलोमीटरची एलओसी, म्हणजे नियंत्रण रेषा. आणि एनजे ९८४२ नावाच्या एका बिंदूपाशी एलओसी संपते आणि वर इंदिरा कोलपर्यंत साधारण ११० किलोमीटर एजीपीएल, म्हणजे सैन्य आत्ता जिथे प्रत्यक्षात उभं आहे ती रेषा, तोच सियाचेनचा भाग. एलएसी ही चौथी, ती चीनबरोबरची, तिचा या तिघींशी संबंध नाही, पण ग्रुपवर दर वेळी कुणीतरी गलवानचा फोटो एलओसीच्या बातमीखाली टाकतंच.

हा फरक का बघायचा तर प्रत्येक रेषेचं कागदपत्र वेगळं आहे. एलओसी १९७२ च्या सिमला करारातून आली, आणि ११ डिसेंबर १९७२ ला सुचेतगढला दोन्हीकडच्या लेफ्टनंट जनरलांनी नकाशांवर सह्या केल्या. म्हणजे मालकीचा वाद तसाच, पण ताब्याची रेषा दोघांच्या सहीनिशी कागदावर आहे. एजीपीएलचं तसं काहीच नाही, तिथे नुसता ताबा, कागद नाही. हा मुद्दा पुढे सियाचेनला परत येणार आहे तेव्हा लक्षात असू द्या.

मग बातमीतले शब्द बघा. पाकव्याप्त काश्मीर की आझाद काश्मीर, यावरूनच लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं, त्यात काही गैर नाही, पण कळायला हवं. शस्त्रसंधी, सीझफायर, अंडरस्टँडिंग, करार हे चार शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले की सावध व्हा. १९४९ ला कराची करार झाला तो लेखी, त्यात सीझफायर लाइन ठरली. नोव्हेंबर २००३ ची शस्त्रसंधी मात्र दोघांनी सही केलेल्या एखाद्या करारातून आलेली नाही, एकाने जाहीर केलं, दुसऱ्याने प्रतिसाद दिला आणि २५-२६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून तोफा थांबल्या. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्ही डीजीएमओंचं संयुक्त निवेदन आलं. आणि १० मे २०२५ ला जे झालं त्याला आपल्या सरकारने अंडरस्टँडिंगच म्हटलं, आणि हा शब्द मुद्दाम निवडलेला आहे. फोनवर ठरलेली गोष्ट फोनवरच मोडता येते. उलट एक गंमत अशी की लेखी करारही 'स्थगित' करता येतातच, एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आपण १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला आणि पाकिस्तानने दुसऱ्याच दिवशी सिमला करारासकट द्विपक्षीय करार स्थगित ठेवायचा आपला अधिकार राखून ठेवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा कागद आहे म्हणजे भक्कम आणि फोन आहे म्हणजे कच्चं असं सरळ गणित नाही, २००३ ची ती बिनकागदाची शस्त्रसंधी सुरुवातीची काही वर्षं चांगली टिकली होती, नंतर मोडत मोडत २०२० पर्यंत अशी झाली की त्या एका वर्षात भारताच्या मोजणीनुसार ५,१३३ वेळा उल्लंघन झालं, आणि फेब्रुवारी २०२१ नंतर तेच जवळजवळ शून्यावर. रेषा तीच, बंदुका त्याच, माणसंही तीच.

नकाशा दिसला तर तो कुठे छापलाय ते बघा. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं गुन्हा आहे, म्हणून आपल्याकडच्या नकाशात सगळं जम्मू-काश्मीर आणि लडाख अखंड दिसतं, प्रत्यक्ष ताब्याची रेषा त्यात दिसतेच असं नाही. गुगल मॅप्स भारतातून उघडला तर वेगळी सीमा दिसते आणि दुसऱ्या देशातून उघडला तर तिथेच तुटक रेषा. २०११ मध्ये एका परदेशी साप्ताहिकाचा अंक भारतात नकाशावर पांढरं स्टिकर चिकटवून विकला गेला होता. त्यामुळे नकाशावरून 'हे बघा यांनी आपली जमीन देऊन टाकली' असं कुणी ओरडत असेल तर आधी विचारा की हा मालकीचा नकाशा आहे की ताब्याचा. गाव नमुन्यातसुद्धा दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहीत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, ही नीट वाचा, बाकी वरवर वाचलंत तरी चालेल.

शांततेच्या कुठल्याही प्रस्तावात मी एकच वाक्य शोधते, 'दोघांच्या भूमिकेला बाधा न येता'. सिमला करारात एलओसीबद्दल हेच म्हटलंय, की दोन्ही बाजू रेषेचा मान राखतील पण कुणाच्याही मान्य भूमिकेला त्यामुळे बाधा येणार नाही. ऐकायला अगदी वकिली, कोरडं वाटतं. पण या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत काश्मीरमध्ये जे काही थोडंफार चांगलं घडलंय ते सगळं या एका वाक्याच्या जोरावर घडलंय, आणि जिथे हे वाक्य लावता आलं नाही तिथे बोलणी दर वेळी त्याच जागेवर येऊन अडकलीत. बांधाच्या वादात पण असंच, 'दावा चालू राहू दे, पण तोपर्यंत पाण्याची पाळी ठरवून घेऊ' असं म्हणणारी माणसं गावात सुखाने राहतात, आणि 'आधी निकाल, मगच पाणी' म्हणणाऱ्यांची पिकं वाळतात.

उदाहरण म्हणून श्रीनगर-मुझफ्फराबाद बस घ्या. ७ एप्रिल २००५ ला सुरू झाली, आदल्या दिवशी श्रीनगरला टुरिस्ट रिसेप्शन सेंटरवर, जिथे प्रवाशांना ठेवलं होतं तिथेच, हल्ला झाला, इमारत पेटली, तरी दुसऱ्या दिवशी बस निघाली. पण ही बस सुरू व्हायला बोलणी लांबली ती सुरक्षेमुळे नाही, तर प्रवासी कुठला कागद दाखवणार यावर. पासपोर्ट म्हटलं तर त्यावर शिक्का बसणार, शिक्का बसला म्हणजे तिथे आंतरराष्ट्रीय सीमा आहे हे मान्य केल्यासारखं होणार, आणि दोघांनाही ते नकोय, आपण म्हणतो पलीकडचंही आमचंच, ते म्हणतात अलीकडचं वादातलं. शेवटी तोडगा काय निघाला तर पासपोर्टच नको, परमिट. साधा प्रवासाचा परवाना, पडताळणी झाली की मिळणार. प्रवासी उरीच्या पुढे कमान पुलापर्यंत बसने जायचे, पूल चालत ओलांडायचे आणि पलीकडे दुसऱ्या बसमध्ये बसायचे. १९४७ पासून न भेटलेले भाऊ-बहीण त्या पुलावर भेटले ते एका कागदाचं नाव बदलल्यामुळे.

व्यापाराचंही तेच, आणि हे मला बसपेक्षा जास्त आवडतं. २१ ऑक्टोबर २००८ ला उरीजवळ सलामाबाद आणि पूंछला चाकन-दा-बाग अशा दोन ठिकाणांहून ट्रक सुरू झाले. मालाची यादी ठरलेली, २१ प्रकार. आयात शुल्क नाही, कारण शुल्क घेतलं की तो परदेशी माल ठरणार. पैसे नाहीत, कारण रुपये कुठले, आपले की त्यांचे, आणि बँक मध्ये आली की परत आंतरराष्ट्रीय व्यवहार. मग काय, बार्टर, मालाच्या बदल्यात माल. २१ व्या शतकात दोन अण्वस्त्रधारी देश वस्तुविनिमय करत होते, शाळेच्या पुस्तकात इतिहासात वाचलेला शब्द! ट्रक पलीकडच्या ट्रेड सेंटरपर्यंत जायचा, तिथे माल उतरवायचा आणि रिकामा परत यायचा. अर्थात पैशाची नोंद नाही म्हटल्यावर चोरवाटा पण निघाल्या, कॅलिफोर्नियाचे बदाम स्थानिक माल म्हणून यायला लागले आणि त्याची एनआयए चौकशी झाली. एप्रिल २०१९ मध्ये शस्त्रं, ड्रग्ज आणि बनावट नोटांसाठी मार्ग वापरला जातोय असं कारण देऊन सरकारने व्यापार थांबवला. तो अजून बंद आहे. त्यामुळे उद्या 'एलओसी व्यापार सुरू होणार' अशी बातमी आली तर दोन गोष्टी शोधा, बार्टरच राहणार आहे की बँकेतून पैसे, आणि ट्रक तपासायला फुल बॉडी स्कॅनर बसवणार आहेत का. स्कॅनरचा उल्लेख नसेल तर ती बातमी हेतूची आहे, तयारीची नाही.

आता उलट बाजू, सियाचेन. इथे ते वाक्य का चालत नाही ते समजलं की वाद पूर्ण समजतो.

१९४९ च्या कराची करारात रेषा एनजे ९८४२ पर्यंत आखली आणि पुढे एवढंच लिहिलं की तिथून उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत. वर बर्फ, कोण जाणार तिथे भांडायला, असं वाटलं असणार. १९७२ ला पण ते तसंच राहू दिलं. मग या अर्ध्या वाक्याचे दोन अर्थ निघाले. भारत म्हणतो उत्तरेकडे म्हणजे पाणलोटाच्या कडेने, साल्तोरो रांगेवरून. पाकिस्तान म्हणतो त्या बिंदूपासून सरळ काराकोरम खिंडीकडे, म्हणजे जवळजवळ ईशान्येला. १३ एप्रिल १९८४ ला ऑपरेशन मेघदूत झालं आणि साल्तोरोवर भारतीय सैन्य बसलं ते आजपर्यंत. तिथे गोळीपेक्षा थंडीने, उंचीने आणि हिमकडे कोसळून माणसं जास्त गेलीत. ७ एप्रिल २०१२ ला गयारीला पाकिस्तानी तळावर हिमस्खलन झालं, १४० माणसं बर्फाखाली. फेब्रुवारी २०१६ ला सोनम पोस्टवर आपले १० जवान गाडले गेले.

मग दोघांनाही त्रास आहे तर सोडत का नाहीत? बोलणी झाली नाहीत असं नाही, १९८९ ला तर जवळपास जमलं होतं, जूनमध्ये संयुक्त निवेदन निघालं आणि लगेच दोघांनी त्याचे वेगवेगळे अर्थ काढले. १९९२ ला परत जवळ आले. २०१२ ला गयारीनंतर पाकिस्तानचे लष्करप्रमुख कयानी स्वतः म्हणाले की सैन्य काढायला हवं, जूनमध्ये रावळपिंडीला बैठक झाली, काही नाही. अडतं ते एकाच ठिकाणी आणि तलाठ्याच्या भाषेत सांगायचं तर पंचनाम्यावर. भारत म्हणतो आम्ही उतरू, पण उतरायच्या आधी आत्ता आमचा ताबा कुठे कुठे आहे ते नकाशावर मांडून तुम्ही सही करा. पाकिस्तान म्हणतो सैन्य मागे घ्या पण सही मागू नका, कारण सही केली म्हणजे १९८४ ला तुम्ही जे घेतलं त्याला आम्ही मान्यता दिली असं होईल.

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. भारताचा हट्ट कारगिलमुळे आणखी पक्का झाला. १९९९ ला पाकिस्तानी सैन्य एलओसी ओलांडून शिखरांवर बसलं तेव्हा जग आपल्या बाजूने उभं राहिलं ते कशामुळे, तर १९७२ चे सह्या असलेले नकाशे होते, रेषा कुठे आहे यावर वाद घालायची सोयच नव्हती. सियाचेनला तसा नकाशा नाही. उद्या आपण उतरलो आणि रात्रीत ते चढले तर कुठला कागद दाखवणार? म्हणून 'सियाचेनमधून सैन्य माघार, ऐतिहासिक निर्णयाची शक्यता' असं हेडिंग दिसलं तर ऐतिहासिक वगैरे सोडा, आत 'सध्याच्या जागांची नोंद' किंवा ऑथेंटिकेशन हा शब्द आहे का बघा. तो नसेल तर १९८९ पासून जिथे आहोत तिथेच आहोत. कुणी हुशार माणसाने पंचनाम्याला असं काही नाव शोधलं की ज्यात सहीही आहे आणि मान्यताही नाही, जसं पासपोर्टचं परमिट केलं, तर त्या दिवशी मी परत ग्रुपवर मेसेज टाकीन.

सर क्रीकचं थोडक्यात सांगते कारण ते आपल्या जवळचं आहे. कच्छच्या रणाजवळची ९६ किलोमीटरची खाडी, भांडण १९०८ च्या सुमाराचं, सुरुवात म्हणे सरपणावरून झाली, कच्छचे राव एका बाजूला आणि सिंध दुसऱ्या, आणि तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता म्हणजे निवाडा मुंबई सरकारने केला, १९१४ चा ठराव. त्याच ठरावाचा एक परिच्छेद पाकिस्तान दाखवतो की हद्द खाडीच्या पूर्व काठाने, नकाशावर हिरवी रेघ. दुसरा परिच्छेद भारत दाखवतो की खाडी नाव चालण्याजोगी आहे म्हणून हद्द पाण्याच्या मधोमध, आणि १९२५ च्या सुमाराला रोवलेले खांबही तेच सांगतात. पाकिस्तान म्हणतो नाव चालत नाही, भारत म्हणतो भरतीला चालते. एकाच कागदातल्या शेजारशेजारच्या परिच्छेदांवर दोन देश शंभर वर्षं! चिखल कुणाला हवाय, हवाय तो समुद्र, कारण खाडीच्या तोंडाशी हद्द जिथे ठरेल तिथून पुढे २०० सागरी मैलांच्या हक्काची रेषा फिरणार. २००७ ला दोघांनी मिळून खाडीचं सर्वेक्षण केलं, नकाशांची देवाणघेवाणही झाली, म्हणजे मोजणी झालीय, सही राहिलीय. आणि तोपर्यंत त्या पाण्यात रेषा दिसत नाही म्हणून गुजरातचे, दीवचे, आपल्या पालघरचे खलाशी पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षं बसतात. काश्मीरइतकी भावना यात गुंतलेली नाही, त्यामुळे खरी प्रगती आधी दिसली तर इथेच दिसेल असं माझं मत आहे. जाणकार हे गेली तीस वर्षं म्हणतायत ही गोष्ट वेगळी.

मधेच एक, कुणी संयुक्त राष्ट्रांचा ठराव तोंडावर फेकला तर गोंधळू नका. २१ एप्रिल १९४८ चा ठराव क्रमांक ४७, त्यात क्रम दिलाय, आधी पाकिस्तानने टोळीवाले आणि आपली माणसं मागे घ्यायला लावायची, मग भारताने सैन्य किमान पातळीवर आणायचं, मग सार्वमत, आणि त्यातही पर्याय दोनच, भारत किंवा पाकिस्तान. सार्वमताची मागणी करणारे पहिली पायरी गाळतात, आणि ठराव पूर्ण नाकारणारे हे विसरतात की संयुक्त राष्ट्रांकडे आपणच गेलो होतो. या मुद्द्यावर ग्रुपवर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, दोन्ही देशांच्या प्रत्यक्ष वाटाघाटी यावर शेवटच्या कधी झाल्या हे आठवायचा प्रयत्न करून बघा.

त्यापेक्षा २००४ ते २००७ च्या बॅक चॅनलबद्दल, म्हणजे पडद्याआडच्या बोलण्यांबद्दल वाचा. आपल्याकडून बहुतेक काळ सतींदर लांबा, तिकडून तारिक अझीझ, दोघं आपापल्या सरकारचे दूत, कॅमेऱ्यापासून लांब हॉटेलांमध्ये भेटायचे. पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष मुशर्रफ यांचे चार मुद्दे त्या काळातले, रेषा बदलायची नाही, पण लोकांना ये-जा करू द्यायची, दोन्हीकडे स्थानिक कारभार, टप्प्याटप्प्याने सैन्य कमी आणि काही विषयांवर संयुक्त यंत्रणा. मनमोहन सिंग २००६ ला अमृतसरला म्हणाले होते की सीमा नव्याने आखता येणार नाहीत पण त्या निरर्थक होतील असं काम करता येईल, रोख तोच. मग २००७ ला मुशर्रफ सरन्यायाधीशांना हटवायच्या भानगडीत घरातच अडकले, आणि २००८ च्या २६ नोव्हेंबरनंतर तर कुणी ते नाव काढलं नाही. यातून वाचकाने घ्यायचं एवढंच, की ज्या वेळी खरी बोलणी चालू असतात त्या वेळी बातमी नसते. रोज उठून कुणी शांततेवर बोलत असेल तर बहुतेक काही चालू नाहीये.

आणि मोठ्या भेटीनंतरचे चार-पाच महिने जपून. फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी बसने लाहोरला, मे मध्ये कारगिल. जुलै २००१ ला आग्र्याला वाजपेयी-मुशर्रफ भेट, डिसेंबरमध्ये संसदेवर हल्ला. डिसेंबर २०१५ ला मोदी अचानक लाहोरला उतरले, आठ दिवसांत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला. हा योगायोग नाही, ज्यांना बोलणी नकोत त्यांना पण कॅलेंडर बघता येतं. म्हणून हल्ला झाला म्हणजे शांततेचा प्रयत्न मूर्खपणाचा होता असं नाही, आणि हस्तांदोलन झालं म्हणजे काम झालं असंही नाही.

व्हिडिओंबद्दल जास्त लिहीत नाही. मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेमचं फुटेज खरी लढाई म्हणून दोन्हीकडे फिरलं, मी स्वतः एक फॉरवर्ड केलं होतं, झालं. आता नियम साधा, रात्री दहानंतर काही पुढे पाठवायचं नाही.

मग बघायचं काय? कंटाळवाण्या तारखा. मी डायरीत लिहून ठेवल्यात. १ जानेवारी, या दिवशी दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात, १९८८ चा करार, १९९२ पासून दर वर्षी, कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिली आणि २६/११ नंतरच्या जानेवारीतही. १ जानेवारी आणि १ जुलै, एकमेकांच्या तुरुंगात असलेल्या कैद्यांची आणि मच्छीमारांची यादी. १ जुलै २०२५ ला, म्हणजे तोफा थांबून दोन महिने पण झाले नव्हते, करार स्थगित, व्हिसा बंद, अटारी बंद, तरी यादी गेली आणि आली, पाकिस्तानने त्यात आपले १९३ मच्छीमार असल्याचं कळवलं. ज्या वर्षी ही यादी चुकेल त्या वर्षी मला खरी भीती वाटेल. मंगळवार, डीजीएमओंच्या हॉटलाइनवर दोन्हीकडचे अधिकारी ठरल्याप्रमाणे बोलतात तो वार, बातमीत 'नेहमीच्या हॉटलाइन संभाषणात' असं आलं तर समजायचं गाडी रुळावर आहे.

आणि पूंछ, उरी, केरनच्या स्थानिक बातम्या वाचा, दिल्लीच्या नाही. एलओसीवरचं कुंपण, साधारण ५५० किलोमीटरचं, रेषेवर नाही, रेषेच्या अलीकडे आपल्या हद्दीत आहे, कारण ऐन रेषेवर बांधायला गेलं तर गोळ्या झेलतच बांधावं लागलं असतं. त्यामुळे काही गावं, शेतं कुंपणाच्या पलीकडे पण भारतातच राहिली. त्या लोकांना घरी जायला कुंपणातलं गेट लागतं, गेटवर ओळखपत्र दाखवायचं, नाव लिहायचं, आणि गेट ठरलेल्या वेळेला बंद होतं, उशीर झाला तर लग्नाचं वऱ्हाड असो नाहीतर बाळंतीण, आधी परवानगी. २०२१ नंतर ही गेटं जास्त वेळ उघडी राहायला लागली, केरनला तर पर्यटक किशनगंगेच्या काठावर तंबूत राहायला लागले, समोर पलीकडच्या काठावरच्या माणसांना हात करत. ७ मे २०२५ च्या सकाळी त्याच पट्ट्यात, पूंछ शहरात तोफगोळे पडले आणि घरात बसलेली माणसं मेली. नंतर तिथे शाळा कधी उघडल्या, बंकर बांधायचे पैसे आले का, गेटची वेळ परत वाढवली का, या तीन बातम्या मला कुठल्याही पत्रकार परिषदेपेक्षा जास्त सांगतात.

अजून एक सोपी खूण, विमानांची. एप्रिल २०२५ च्या शेवटी दोघांनी एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि मग दर महिन्याला नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, काढून मुदत वाढवत गेले, साधारण २३-२४ तारखेला. त्या सुमाराला एअरलाइनच्या बातम्या चाळायच्या, कुणी मुदत वाढवायची विसरलं तर ते विसरणं नसतं. आतेभावाला पण मी हेच सांगितलंय, आता दर महिन्याच्या २३ ला तो मला नुसतं विमानाचं चिन्ह पाठवतो आणि पुढे प्रश्नचिन्ह.